खिडकीच्या गळतीवर सिलिकॉनची नळी हा इलाज नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

होळी आटोपली की ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या समित्या पावसाळ्याआधीच्या कामांची यादी काढायला बसतात. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पावसाच्या पाण्याचे पाइप, टाक्यांची सफाई, झाडांची छाटणी असे सगळे त्या यादीत असते. खिडक्या नसतात. खिडकी म्हणजे सभासदाची खासगी बाब असे धरून चालायची सवय लागली आहे. मग जूनअखेर तक्रारवहीत खिडकीखालची भिंत ओली, कोपऱ्यात पाणी साचले, पुट्टी फुगून पडली अशा नोंदी सुरू होतात. कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणतो, घराच्या आतून चौकटीभोवती फिरवतो, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच. इमारतींच्या बाहेरील भिंतींची दुरुस्ती हेच आमचे काम आहे. या गळतीत नेमके काय चुकते आणि काय करायला हवे, ते वाचकांपुढे सविस्तर मांडावेसे वाटते.

आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी उतरणे हा दोष नाही, ती खिडकी तशीच बनवलेली असते. ४ फूट बाय ५ फुटांची खिडकी धरा, म्हणजे साधारण १.८ चौरस मीटर. वाऱ्याने तासाभरात १० मिलिमीटर पाऊस तिच्यावर आणून आदळवला तर १८ लिटर पाणी झाले. काच त्यातला थेंबही शोषत नाही. ते पाणी काचेवरून ओघळून बहुतांशी खालच्या ट्रॅकमध्ये उतरते आणि ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला कापलेल्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडावे, अशी मूळ योजना असते.

या योजनेला आडवा येतो तो वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मीटर प्रति सेकंदात मोजलेल्या वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की पास्कलमध्ये दाब मिळतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात हेच सूत्र आहे. ताशी ५४ किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला १५ मीटर, त्याचा दाब १३५ पास्कल. एवढा दाब ट्रॅकमधल्या पाण्याला सुमारे १४ मिमी उंच तोलून धरतो, म्हणजे पाणी तेवढे चढल्याशिवाय भोकांतून बाहेर जाऊच शकत नाही. ताशी ७२ किलोमीटरला हाच दाब २४० पास्कल होतो आणि पाणी साडेचोवीस मिमीच्या आसपास चढते. ट्रॅकची आतल्या बाजूची उभी कड २० मिमीच असेल तर अशा झोतात पाणी ती ओलांडून घरात येणारच. तिथे सीलंटची, म्हणजे सिलिकॉनसारख्या फट बुजवणाऱ्या लवचीक मालाची, कितीही नळकांडी रिकामी केली तरी उपयोग नाही, कारण पाणी फटीतून आलेलेच नाही.

म्हणून नवी खिडकी घेताना रंग आणि काचेची जाडी पाहण्याआधी पट्टी घेऊन ही कड मोजा. पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीवर, वरच्या मजल्यावर, समोर मोकळी जागा असेल तर आमच्या मते ४० मिमीपेक्षा कमी कडेची सरकती खिडकी बसवूच नये. त्याहून चांगला पर्याय म्हणजे बाहेर उघडणारी झडपेची खिडकी. तिच्यात वारा जितका जोराने दाबेल तितकी झडप रबरावर घट्ट बसते. सरकत्या खिडकीत मात्र दोन झडपांच्या मधे केसाळ पट्टी असते. ती वारा थोडा अडवते, पाणी अडवत नाही.

आणखी एक साधी गोष्ट, जिला पैसे पडत नाहीत. वादळी सर चालू असताना स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद ठेवा आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी सताड उघडी ठेवू नका. दोन्हींमुळे घरातला हवेचा दाब कमी होतो आणि पश्चिमेच्या खिडकीतल्या पाण्याला आतून ओढ लागते.

निचऱ्याच्या भोकांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. प्रत्येक ट्रॅकला किमान दोन, साधारण ६ मिमी उंच आणि ३० मिमी लांब अशी भोके असावीत आणि त्यावर वाऱ्याने आपोआप मिटणारी प्लॅस्टिकची झडप असावी. प्रत्यक्षात बांधकामाच्या वेळचे सिमेंटचे पाणी, रंगाऱ्याची पुट्टी, धूळ, कबुतरांची पिसे यांनी ती बुजलेली असतात आणि झडपा पहिल्या दोन-तीन वर्षांतच गळून पडतात. त्यावर कळस म्हणजे वाऱ्याबरोबर त्या भोकांतून पाणी बुडबुडत उलटे आत येताना दिसले की लोक तीच भोके सिलिकॉनने बंद करतात. गळती थांबावी या हेतूने केलेली ही सर्वांत मोठी चूक. पाण्याचा एकमेव बाहेरचा रस्ता बंद झाला, आता ट्रॅक भरला की पाणी घरातच येणार. दोरीवर लटकून बाहेरून सीलंट मारणारे कामगारही घाईघाईत खालची संपूर्ण कड भरून टाकतात, तेव्हा कामावर देखरेख करणाऱ्याने प्रत्येक खिडकीची भोके मोकळी आहेत हे बघितलेच पाहिजे. मेच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या टूथब्रशने ट्रॅक साफ करून त्यात लिटरभर पाणी हळूहळू ओता. मिनिटभरात ते बाहेर निघून गेले पाहिजे. तुंबले तर भोके बुजली आहेत किंवा ट्रॅक आतल्या बाजूला कललेला आहे.

आता चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्याकडे वळू. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत खिडकीच्या जागेला चारही बाजूंनी ग्रॅनाइट किंवा संगमरवराच्या पट्ट्या लावतात आणि त्यांना अॅल्युमिनियमची चौकट स्क्रूने जोडतात. म्हणजे पाण्याला शिरायला तीन वेगळे सांधे मिळतात: अॅल्युमिनियम आणि दगड, दगडाच्या कोपऱ्यात पट्टीला पट्टी, आणि दगड व प्लास्टर. लोकांचे लक्ष पहिल्यावर असते. गळते बहुधा तिसऱ्यातून आणि खालच्या दोन कोपऱ्यांतून. दगडाच्या पट्टीखाली गवंड्याने मसाल्याचे चार ठिपके देऊन पट्टी टेकवलेली असते, मधे पोकळी राहते, आणि एका कोपऱ्यात शिरलेले पाणी त्या पोकळीतून सरकत खिडकीच्या मध्याखाली आत उमटते. डाग दिसतो तिथे फट शोधणारा माणूस म्हणूनच फसतो.

दगडाची खालची पट्टी, म्हणजे सिल, कशी असावी हे एकदा नीट ठरवले तर निम्मे काम होते. तिचा उतार बाहेर हवा, १०० मिमी रुंदीला ८ ते १० मिमी. त्यावर एक पेला पाणी ओतून पाहा, ते चौकटीकडे गेले तर ती पट्टी काढून बसवण्याला पर्याय नाही. प्लास्टरच्या बाहेर ती ३० ते ४० मिमी डोकावली पाहिजे आणि खालच्या अंगाला, कडेपासून २० मिमीवर, ८ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल खाच कापलेली हवी. ही खाच नसली की पाणी दगडाच्या पोटाला चिकटून उलटे भिंतीकडे येते आणि नेमके दगड-प्लास्टरच्या सांध्यात शिरते. पट्टीची दोन्ही टोके बाजूच्या भिंतीत किमान ५० मिमी आत जावीत. खिडकीच्या उघड्या जागेच्या मापाने कापून मधेच बसवलेल्या पट्टीच्या टोकांना सांधा उरतो आणि तो सगळ्यात आधी उलतो. चौकटीच्या आतल्या बाजूचा दगड बाहेरच्यापेक्षा १५ ते २० मिमी उंच ठेवला की ट्रॅकच्या मागे एक पायरी तयार होते. दोन दगड वेगळे लावायचा खर्च वाढतो म्हणून बिल्डर हे टाळतात, पण आमच्या मते नव्या बांधकामात यासारखा स्वस्त बंदोबस्त दुसरा नाही. दगड बसवण्याआधी खालच्या विटेवर किंवा ब्लॉकवर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावेत, ते दोन्ही बाजूंना १५० मिमी वर चढवावेत आणि मग पूर्ण मसाल्यावर, पोकळी न ठेवता, दगड दाबून बसवावा. क्रम खालून वर असावा, कौलावर कौल चढते तसा वरचा थर नेहमी खालच्या थरावर यावा.

खालच्या ट्रॅकमधून आरपार स्क्रू मारून चौकट दगडाला आवळायची पद्धत सर्रास दिसते. प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याच्या तळाशी पाडलेले एक भोक. शक्य तिथे स्क्रू फक्त वरच्या आणि बाजूच्या पट्टीत मारावेत, कोपऱ्यापासून सुमारे १५० मिमीवर पहिला आणि पुढे ६०० मिमीपेक्षा जास्त अंतर नाही. तळाला मारावाच लागला तर आधी भोकात सीलंट भरून मग स्क्रू फिरवावा आणि डोक्यावरही सीलंटची टोपी द्यावी. चौकटीचे चार कोपरे कारखान्यात किंवा दुकानात स्क्रूने जोडले जातात तेव्हाच तिथे आतून सीलंट लावलेले हवे. बसवल्यानंतर त्या जागी हात पोहोचत नाही.

सीलंटचे स्वतःचे काही नियम आहेत आणि ते मोडले की ते कितीही महाग असले तरी एका वर्षात सुटते. उन्हात तापलेली चौकट सरीने एकदम गार होते. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर दीड मीटर लांबीचे अॅल्युमिनियम सुमारे १ मिमी आखडते, यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकची चौकट, त्याच्या जवळपास तिप्पट. फटीत पांढरे सिमेंट किंवा पीओपी भरले असेल तर ते या हालचालीला तडकणारच. सीलंट ताणले जाते, पण त्यासाठी ते दोनच बाजूंना चिकटलेले हवे. फटीच्या तळालाही चिकटले तर त्याला ताणायला वाव राहत नाही आणि ते फाटते. म्हणून आधी फटीत फोमची गोल दोरी, जिला बाजारात बॅकर रॉड म्हणतात, ती दाबून बसवायची. फटीपेक्षा ती एक चतुर्थांशाने जास्त जाड असावी, १२ मिमीच्या फटीला १५ मिमीची. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी, पण ६ मिमीपेक्षा कमी नाही. चौकट दगडावर टेकूनच बसलेली असेल आणि फट नसेलच, तर कोपऱ्यात आधी न चिकटणारी टेप लावून त्यावर दोन्ही अंगांना किमान ८ ते १० मिमी पकड मिळेल असा तिरपा थर द्यावा.

हिशोब करून पाहण्यासारखा आहे. १२ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल सांध्याला दर मीटरला ७२ मिली सीलंट लागते. ४ बाय ५ फुटांच्या खिडकीचा घेर १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर, त्याला सुमारे ४०० मिली. ३०० मिलीच्या एका नळीत एक खिडकीही पुरी होत नाही. ठेकेदाराने एका नळीत चार खिडक्या उरकल्या असतील तर सांध्याचा छेद सरासरी १४ चौरस मिमीही भरत नाही, म्हणजे ४ मिमी बाय ४ मिमीपेक्षाही बारीक रेघ. बिलात 'रनिंग मीटर' पाहून पैसे देणाऱ्या समित्यांनी रिकाम्या नळ्या मोजून घ्याव्यात. ६०० मिलीच्या सॉसेज पॅकमध्ये एक खिडकी वाया जाणाऱ्या मालासकट आरामात होते आणि काम मोठे असेल तर तोच घ्यावा.

सिलिकॉन घ्यायचे तर न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारे, बाहेरच्या हवेसाठीचे. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे स्वस्त सिलिकॉन काचेच्या कपाटाला ठीक आहे. त्यातून सुटणारे आम्ल सिमेंट आणि संगमरवराला बाधते आणि पकड सुटते. सिलिकॉनवर रंग धरत नाही, तेव्हा भिंत रंगवायची असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा हायब्रिड सीलंट वापरून वरून रंग द्यावा, किंवा आधी रंग आणि मग सिलिकॉन. प्लास्टरच्या कडेला कंपनीने सांगितलेला प्रायमर लावल्याशिवाय सीलंट मारू नये, भुसभुशीत पृष्ठभागावर ते धुळीला चिकटते, भिंतीला नाही. जुन्या सिलिकॉनवर नवे काही भरवशाने चिकटत नाही. ते पातीने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण काढावे लागते. या कामाला वेळ लागतो आणि नेमके तेच दरपत्रकात कुठे लिहिलेले नसते.

पीयू फोमबद्दल एकच वाक्य: तो पोकळी भरतो, पाणी अडवत नाही, आणि चाकूने कापून सपाट केला की त्याची छिद्रे उघडी पडतात.

चौकट आणि सिल नीट असूनही भिंत गळत असेल तर पाणी प्लास्टरमधून येते. बाहेरचे प्लास्टर दोन थरांचे असते, आतला १२ ते १५ मिमी, बाहेरचा सुमारे ८ मिमी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या जाणाऱ्या भेगा आणि कॉलम-बीमला वीट किंवा ब्लॉक जिथे भिडतो तिथल्या सरळ भेगा, या दोन जागा आधी तपासाव्यात. हातोडीने हलके ठोकत जायचे. बद्द आवाज आला की प्लास्टर भिंतीपासून सुटले आहे. तेवढा भाग चौकोनी कापून काढायचा, तिरपा-वाकडा नाही. भेग असेल तर ती १० मिमी रुंद आणि तेवढीच खोल उघडायची, ब्रशने धूळ काढायची, पॉलिमर आणि सिमेंटचा पातळ लेप द्यायचा आणि तो ओला असतानाच पॉलिमरचा मसाला भरायचा: १ किलो अॅक्रिलिक पॉलिमर, ५ किलो सिमेंट, १५ किलो स्वच्छ वाळू. आरसीसी आणि ब्लॉकच्या सांध्यावर २०० ते ३०० मिमी रुंद गॅल्व्हनाइज्ड जाळी दोन्हींवर सारखी बसवावी. लेप आणि मसाला यांच्यामधे जेवणाची सुट्टी झाली तर लेप सुकतो आणि नवा मसाला सुटा पडतो. ही चूक इतकी नेहमीची आहे की देखरेखीच्या माणसाने सकाळी दहापेक्षा दुपारी एकला जागेवर असणे जास्त गरजेचे.

गेल्या काही वर्षांत घोडबंदर रोड, खारघर, तळोजा भागात उभ्या राहिलेल्या अनेक टॉवरांत अॅल्युमिनियमच्या साच्यात संपूर्ण भिंतच काँक्रीटची ओततात. तिथे विटेचा सांधा नसतो, पण साचा आवळण्यासाठी घातलेल्या टायची भोके भिंतीभर राहतात. ती आरपार असतात. आतून पुट्टी आणि बाहेरून रंग यांनी झाकली तरी पोकळच राहतात आणि खिडकीशेजारी एका रांगेत नाण्याएवढे ओले डाग उमटतात. असे डाग दिसले तर खिडकीला हात लावू नका. ती भोके बाहेरून मोकळी करून न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मसाल्याने, पूर्ण खोलीपर्यंत भरायला हवीत.

नौपाड्यातल्या जुन्या लाकडी चौकटी आणि कोपरखैरणे, नेरुळच्या रो-हाउसमधल्या लोखंडी खिडक्यांची गोष्ट वेगळी. लाकूड कुजले किंवा लोखंड गंजून फुगले असेल तर सीलंटवर खर्च करू नये, चौकट बदलावी.

छज्जा असेल तर तो खिडकीचा सर्वांत मोठा आधार, पण त्याच्या वरच्या पृष्ठभागाला बाहेर उतार, भिंतीच्या कोपऱ्यात ५० ते ७५ मिमीचा वाटा (मसाल्याची गोलाई) आणि खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच या तिन्ही गोष्टी शाबूत हव्यात. छज्ज्यावर साठलेली पाने, कबुतरांची घाण, टाकून दिलेल्या कुंड्या यांनी पाणी भिंतीकडे तुंबते आणि लिंटेलखाली, म्हणजे खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईखाली, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात उतरते. नव्या टॉवरांत छज्जेच नाहीत, तिथे चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून ५० ते ७५ मिमी आत बसवलेली असावी आणि वरच्या कडेच्या पोटाला खाच असावी. खोली मोठी करण्यासाठी खिडकी बाहेर सरकवून फुलझाडांचा कट्टा आत घेण्याची हौस अनेकांना असते. त्या कट्ट्याचा स्लॅब खोल आणि बिनउताराचा असतो, तो खोलीत आला की पाणीही खोलीत येते.

बॉक्स ग्रीलविषयी स्पष्टच लिहायला हवे. लोखंडी ग्रील भिंतीत खिळवताना दहा-बारा भोके पडतात. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतीचे प्लास्टर फोडते. वर टाकलेला पत्रा भिंतीला नुसता टेकवलेला असतो, त्यामुळे भिंतीवरून वाहत आलेले पाणी पत्रा आणि भिंतीच्या मधून थेट खिडकीच्या माथ्यावर पडते. ग्रील लावायचीच असेल तर स्टेनलेस स्टीलचे फास्टनर, भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते, आत केमिकल अँकर (फास्टनर भोकात पक्का चिकटवणारे रसायन), आणि पत्र्याची वरची कड भिंतीत खाच पाडून त्यात बसवून सीलंटने बंद केलेली. एसीच्या पाइपचे भोकही असेच बाहेर उतरते हवे. आणि इंटरनेटवाले खिडकीच्या चौकटीत ड्रिल मारून केबल आत घेतात तेव्हा घरातल्या कोणीतरी तिथे उभे राहावे. केबल भोकाच्या खाली वळसा घेऊन मग आत गेली पाहिजे, नाहीतर पाणी केबलवरून सरळ चालत आत येते.

दुरुस्तीआधी पाणी कुठून येते हे शोधायची पद्धत साधी आहे, फक्त धीर लागतो. झोत आल्याबरोबर पाणी दिसले आणि झोत थांबताच बंद झाले तर ट्रॅक किंवा उघडा सांधा. पाऊस थांबून काही तासांनी भिंत ओली झाली आणि दिवसभर ओलीच राहिली तर प्लास्टर किंवा दगडाखालची पोकळी. डिसेंबरातही ओल असेल तर खिडकीला दोष देऊ नका, आतली पाइपलाइन तपासा. मग कोरड्या दिवसात परीक्षा घ्यायची. आधी निचऱ्याची भोके बाहेरून टेपने बंद करून ट्रॅकमध्ये १५ मिमी पाणी अर्धा तास उभे करा, कपड्यांची नीळ टाकली तर आतले पाणी ओळखू येते. निळे पाणी आत आले तर चौकटीचा कोपरा किंवा स्क्रू गळतो आहे. टेप काढून मग बाहेरून साध्या होजपाइपने खालून सुरुवात करा: सिलचा सांधा पाच-दहा मिनिटे, मग एक बाजू, मग दुसरी, मग माथा, आणि शेवटी वरची भिंत मीटर-मीटरच्या टप्प्यांत १५ ते २० मिनिटे. आत एक जण टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून वाहते आणि काहीच कळत नाही. गाडी धुण्याचे प्रेशर मशीन वापरू नका, ते चांगला सांधाही फोडते. खिडकीजवळ विजेचा बोर्ड असेल तर त्या खोलीचा एमसीबी आधी खाली पाडा.

खर्च कोणी करायचा, यावर सोसायट्यांत वाद होतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील भिंतींची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चाने करायची आहे. खिडकीची चौकट आणि काच सभासदाची. मधला १२ मिमीचा सांधा मात्र दोघेही एकमेकांकडे ढकलतात आणि पाणी तिथूनच येते. सर्वसाधारण सभेने ठराव करून तो सांधा, सिलचा दगड आणि छज्जा हे सोसायटीचे, ट्रॅक, निचऱ्याची भोके आणि ग्रील हे सभासदाचे असे एकदा लिहून टाकावे. बाहेरून झुला किंवा परांची लावायचा खर्च मोठा असतो, तो प्रत्येक खिडकीसाठी वेगळा करण्यात काहीच शहाणपण नाही. पश्चिम आणि नैऋत्येची बाजू एकदाच, वरून खाली, पूर्ण करावी. दोरीवरच्या कामगाराला पूर्ण अंगाचा हार्नेस आणि कामाच्या दोरीहून वेगळी जीवरक्षक दोरी आहे याची खात्री करणे हे समितीचेही काम आहे, केवळ ठेकेदाराचे नव्हे.

ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील तर स्वतः खर्च करण्याआधी रेरा कायद्याचे कलम १४, पोटकलम ३ वाचावे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा आहे. तक्रार लेखी द्या, होजपाइपच्या परीक्षेचे तारखेसह व्हिडिओ जोडा, आणि तोवर खिडकी बदलू नका. बदलली की दोष तुमच्या कारागिराचा, असे उत्तर तयार असते. याच कारणासाठी फ्लॅटचे आतले काम करणाऱ्या सभासदाला खिडकी बदलण्याची परवानगी देताना सोसायटीने अटी घालाव्यात: चौकटीभोवती फट १० ते १२ मिमी, बॅकर रॉड आणि सीलंट वर सांगितल्याप्रमाणे, दगड फुटला तर नवा, आणि काम झाल्यावर समितीसमोर पाण्याची परीक्षा.

वेळेचे गणित शेवटी सांगतो, कारण सगळे तिथेच अडते. नव्या प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचे, त्यानंतर ते सुकायला तीन-चार आठवडे द्यायचे, मग प्रायमर, सीलंट, आणि मग रंगाचे दोन हात. एका बाजूला सहा-सात आठवडे सहज जातात. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो आणि वळवाच्या सरी मेमध्येच सुरू होऊ शकतात. मे महिन्यात टेंडर काढणारी सोसायटी ओल्या प्लास्टरवर सीलंट मारून घेते. यंदाचे काम मार्चच्या अखेरीस सुरू व्हायचे असेल तर दरपत्रके आत्ताच मागवा, त्यात सांध्याची रुंदी-खोली, सीलंटचा प्रकार, जुने सिलिकॉन काढण्याचा दर आणि प्रत्येक दहापैकी एका खिडकीची होजपाइप परीक्षा या चार बाबी स्वतंत्र लिहून घ्या, आणि बिलाच्या दहा टक्के रक्कम पाऊस पूर्ण सरल्यावर द्यायची अट घाला.

आपले,
बाहेरील भिंतींच्या दुरुस्तीची कामे पाहणारे काही स्थापत्य अभियंते,
ठाणे